तीन दिवसांच्या काळोखाची बेगमी

मे महिना लागला की आधी माझ्या नाकाला कळतं. बोरिवलीच्या आमच्या इमारतीत गच्चीवर मिरच्या वाळत घालायला बंदी आहे, सोसायटीचा नियम. तरी एका सकाळी उगाचच सटासट शिंका येतात आणि मला वाटतं, चला, मरोळला जायला हवं, आईचा मसाला निघाला असणार. आम्ही ईस्ट इंडियन. म्हणजे मुंबईच्या गावठाणांतले मूळचे ख्रिस्ती; नावं पोर्तुगीज, तोंडात मराठी, आणि वर्षाचं सगळं जेवण एका मसाल्याच्या जिवावर. मिरच्या, धणे, तीळ, खसखस आणि आणखी वीसेक जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत लाकडी दांड्याने ठासून भरायचे. जिन्नसांची पूर्ण यादी आई अजून कोणाला सांगत नाही, मलासुद्धा नाही. मी मेल्यावर सांगेन म्हणते.

यंदा शिंकांच्या आधी फोन वाजला. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवलं होतं: जगावर तीन दिवसांचा काळोख येणार आहे, खिडक्या झाकून घ्या, फक्त आशीर्वादित मेणबत्त्या पेटतील, कोणीही हाक मारली तरी दार उघडू नका. खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. मी ओट्यापाशी उभी होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. वाचता वाचता मी शिट्ट्या मोजायची विसरले.

"डिलीट कर ना यार," अँथनी म्हणाला. अँथनी माझा नवरा. त्याला भीती वाटते ती फक्त डेंटिस्टची. "तूच मुलांना दोन चेंडू घेऊन ग्रहण शिकवतेस ना?"

शिकवते. नववीला विज्ञान शिकवते मी. मेसेज डिलीट केला. मग खाली गेले आणि दहा किलो तांदूळ, दोन टॉर्च आणि काडेपेट्यांचं अख्खं पुडकं घेऊन आले. अँथनीने पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "प्रलयातलं तारू कधी बांधायला घेऊ?" मला हसू आलं नाही.

त्याला काय सांगणार? हा काळोख मला ओळखीचा आहे. मी अकरा वर्षांची असताना तो एकदा आमच्या घरी येऊन गेलाय.

शतक संपत आलं होतं. तेव्हा लोकांना कशाचंही भय वाटायचं. कोणी म्हणे कॉम्प्युटर बंद पडणार, कोणी म्हणे विमानं कोसळणार. आमच्याकडे क्लेरा आंटी आली. आईच्या प्रार्थना गटातली ही बाई, कुर्ल्याहून यायची, घामाने डबडबलेली, आणि बसायच्या आधी पर्स उघडायची. त्या दिवशी पर्समधून झेरॉक्सचे चार कागद निघाले. कोणा संतिणीला झालेला दृष्टांत म्हणे. आई मिरच्यांची देठं काढत होती. कागद वाचताना तिने तसाच हात डोळ्याला लावला, आणि पुढचा अर्धा तास ती रडत होती ती मिरचीने की भयाने, ते मला अजून सांगता येणार नाही.

त्या वर्षीची बेगमी मग वेगळीच झाली. एरवी आमच्या घरात पावसाळ्यासाठी भरायचं ते सगळं होतंच: सुके बोंबील, सोडे, सुकट, कांद्याच्या माळा, तांदळाचा डबा, मसाल्याच्या बाटल्या. त्यात आता दुसरी यादी सुरू झाली. खिडक्यांना लावायला काळा कागद. पाण्याचं एक जास्तीचं पिंप. फादरनी आशीर्वाद दिलेलं मीठ, एक बाटली आशीर्वादित पाणी. आणि मेणबत्त्या, पण साध्या नव्हेत, शुद्ध मधमाशीच्या मेणाच्या. साधी मेणबत्ती त्या काळोखात पेटणारच नाही असं कागदावर लिहिलं होतं. आईने कुठून कुठून हिंडून सहा मिळवल्या. पिवळ्या, जाड, मधाचा वास येणाऱ्या. त्यातली एक पेटवून ती भिंतीवरच्या घड्याळासमोर बसली, बोटभर जळायला किती वेळ लागतो ते बघायला. तीन दिवसांना सहा पुरतील का, हा तिचा प्रश्न होता. मी शेजारी बसून घड्याळाच्या काट्याकडे बघत होते आणि मला शी लागली होती, पण उठायची हिंमत नव्हती.

आता हे आठवताना मला आईचा राग येत नाही, खोटं कशाला बोलू? उलट कधी कधी हेवा वाटतो. भीतीला तिने कामाला लावलं होतं. सकाळी उठून कागद कापायचे, पिंप घासायचं, मेणबत्त्या फडक्यात गुंडाळायच्या. मला नुसतीच भीती होती, हातात काम नव्हतं.

आमच्या चर्चच्या फादरनी एका रविवारी प्रवचनात सांगून टाकलं होतं, की हे असलं काही चर्चने शिकवलेलं नाही, देवाला माणसं घाबरवण्यात रस नाही. घरात रॉकेल आणि तांदूळ जरूर ठेवा, पावसाळा आलाय, पण ते सैतानासाठी नको. माणसं हसली. आई हसली नाही. घरी येताना म्हणाली, "फादर नवीन आहेत." म्हणजे विषय संपला.

पप्पा एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जायचे. त्यांना हे सगळं दिसत होतं, पण ते भांडणाला भिणारे गृहस्थ. "फिलोमिना, काळा कागद उन्हाळ्यात नको गं लावूस, उकडून मरू," एवढंच म्हणाले.

मला भीती कशाची होती तेही सांगते. काळोखाची नाही. काळोख काय, चादर डोक्यावर घेतली की असतोच. मला भीती होती दाराची. कागदावरचं शेवटचं कलम आई मला रोज वाचून दाखवायची: त्या तीन दिवसांत सैतान ओळखीच्या माणसांचे आवाज काढून हाका मारील. उघडाल तर मराल.

"माझा आवाज आला तरी उघडायचं नाही," आई म्हणायची.

"तू आतच असशील ना?"

"असेन. पण समज."

"आणि पप्पा?"

"पप्पांना सांगितलंय, आभाळ वेगळं दिसलं की शिफ्ट सोडून निघायचं."

"आणि सावंत काकू?"

इथे आई कागदाची घडी घालायची. सावंत काकू म्हणजे आमच्या भाडेकरू, घराच्या मागच्या खोलीत, एका भिंतीच्या पलीकडे. मालवणकडच्या. काका गिरणी बंद पडल्यावर वॉचमनचं काम करायचे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी अर्धी त्यांचीच. माझी वेणी काकू घालायच्या, कारण आई केस ओढायची. नाताळात आमच्या करंज्या लाटायला काकू, आणि गणपतीत त्यांच्या मोदकांना पाकळ्या पाडायला आई. आईचं त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. तरी ती एवढंच म्हणाली, "त्यांचा देव त्यांना बघेल."

मला ते पटलं नाही. चर्चच्या रविवारच्या वर्गात टीचरने आम्हाला दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा मुलींची गोष्ट सांगितली होती. पाच शहाण्यांनी जास्तीचं तेल नेलं होतं, पाच वेड्यांचं संपलं. मी विचारलं, शहाण्यांनी थोडं दिलं का नाही? टीचर म्हणाली, मग कोणालाच पुरलं नसतं. वर्गात सगळ्यांना हे बरोबर वाटलं. मी घरी येऊन सहातली एक मेणबत्ती फ्रॉकमध्ये लपवली आणि काकूंना नेऊन दिली. कशासाठी ते सांगायचं धाडस झालं नाही. काकूंनी हुंगली, "काय गो वास!" म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी फ्यूज गेला तेव्हा ती लावून कोलंबी सोलत बसल्या. दोन दिवसांत संपवली. मी आत जाऊन उशीत तोंड घालून रडले.

पाच उरल्यात हे आईने बघितलं. मला विचारलं नाही. चोरी कोणी केली आणि कोणासाठी, तिला कळलंच असणार. ती फक्त परत घड्याळासमोर बसली.

पाऊस लागून दोन-तीन आठवडे झाले असतील. शाळेला कसलीशी सुटी होती. दुपारचे तीन वाजले असतील नसतील, आणि आभाळ इतकं खाली आलं की आमच्या अंगणातला आंबा दिसेनासा झाला. मुंबईत असं दरवर्षी एकदा होतं हे आता मला माहीत आहे, तेव्हाही असणार. पण त्या वर्षी आम्ही वाट बघत होतो ना! नाक्यावर धाडकन आवाज झाला, ट्रान्स्फॉर्मर गेला, पंखा थांबला. आई हातातली परात टाकून उभी राहिली.

"आलं," ती म्हणाली.

तिने दाराला वरची खालची कडी घातली. काळा कागद तयारच होता, चिकटपट्टीसकट. पाच मिनिटांत घर असं झालं की मला माझा हात दिसेना. मी ओरडायला लागले, "पप्पा, पप्पा अजून आले नाहीत!" आईने मला ओढून भिंतीवरच्या क्रूसाखालच्या वेदीपाशी बसवलं. मग तिने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने आधी साधी मेणबत्ती घेतली, परीक्षा म्हणून. काडी ओढली, वातीला लावली. वात चुरचुरली आणि विझली. दुसरी काडी. विझली. तिसरी. मग तिने मधमाशीच्या मेणाची घेतली, आणि ती पहिल्या काडीला पेटली.

ती साधी मेणबत्ती महिनाभर मोरीच्या खिडकीत पडून होती, वात ओली होती. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मला आईचा चेहरा दिसला, आणि आपली आई इतकी घाबरू शकते हे मला पहिल्यांदा कळलं. मोठं माणूस घाबरलं की लहान मुलाने कुठे जायचं?

आम्ही गुडघे टेकले. पाऊस पत्र्यावर आदळत होता. किती वेळ गेला कोण जाणे. आणि दार वाजलं.

जोरात नाही. कोणीतरी तळहाताने थापटत होतं, थांबत होतं, परत थापटत होतं.

"फिलू..."

आवाज सावंत काकूंचा होता, आणि नव्हता. घोगरा, तुटका, आतून शिट्टी वाजल्यासारखा. कागदावर अगदी असंच लिहिलं होतं, ओळखीचा वाटेल पण निराळा असेल. मी "काकू" म्हणायला तोंड उघडलं आणि आईचा हात माझ्या तोंडावर बसला. मिरचीचा, मेणाचा, घामाचा हात.

"फिलू गो... दार उघड."

 आईने बऱ्याच वेळाने विचारलं, "कोण?"

"मी गो... माका..." पुढे नुसती शिट्टी.

"मी कोण? खरी असशील तर प्रार्थना म्हण. आमच्या स्वर्गातल्या बापाची. म्हणून दाखव."

सैतानाला ती प्रार्थना म्हणता येत नाही, हेही त्या कागदांवर होतं. पण सावंत काकूंना कुठून येणार? त्या रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या बाई. मी आईचा हात चावले. तिने काढला नाही. बाहेर काहीच आवाज नव्हता, आणि मला समजलं की आता काकू जाणार, आणि बाहेर जे काही आहे ते काकूंना खाणार, आणि मी एक मेणबत्ती देऊन काहीच झालं नाही.

मग दारापलीकडे प्रार्थना सुरू झाली.

दोन शब्द, मग श्वास. तीन शब्द, मग श्वास. आम्ही रोज संध्याकाळी सातला ती मोठ्याने म्हणायचो, आणि मधली भिंत एका विटेची. काकूंनी बारा वर्षं ती पोळ्या लाटताना ऐकली होती. आईसारखीच थांबत, आईसारखेच हेल काढत त्या म्हणत गेल्या. रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी आल्या, आणि त्याच सुरात, जराही न अडखळता म्हणाल्या, "लीना, पाय हलवू नकोस." आणि पुढे क्षमेच्या ओळीला लागल्या.

कारण रोज बरोबर त्याच जागी आई मला ओरडायची. काकूंना वाटत होतं, ते प्रार्थनेतलंच आहे.

आईने दोन्ही कड्या एकदम ओढल्या. एक अडकली, तिने नखाने ओढली, नख तुटलं. दारात काकू खाली बसल्या होत्या, चौकटीला डोकं टेकून. ओठ निळे. दम्याचा पंप संपला होता, काका पेरणीला गावी गेले होते, रस्त्यात गुडघाभर पाणी, रिक्षा नाही. जिला एक श्वास नीट घेता येत नव्हता, त्या बाईला आईने अख्खी प्रार्थना म्हणायला लावली होती.

"अगं बाई गं... देवा रे..." आई म्हणाली आणि तिने काकूंना पाठीवर घेतलं. माझी आई पाच फुटांची, काकू तिच्या दीडपट. तशीच अनवाणी पाण्यातून निघाली. मी मागून काकूंचे पाय धरले होते. रस्त्यावर माणसं छत्र्या घेऊन चालली होती, एक बाई फुटलेली पिशवी सावरत होती, भेळवाला गाडीवर प्लास्टिक ओढत होता. जग होतं तिथेच होतं. नाक्यावरच्या दवाखान्यात काकूंच्या तोंडाला मास्क लावला, हातात सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर केला असतात तर काही खरं नव्हतं. आई भिंतीला टेकून उभी होती. "मीच केला उशीर," ती म्हणाली, पण डॉक्टरांनी ते ऐकलं नाही.

काकू जगल्या. पुढे दहा-अकरा वर्षं जगल्या, मस्त जगल्या. आणि गंमत बघा, त्या प्रसंगाचा त्यांनी किस्सा करून टाकला. हळदीकुंकवाला, बारशाला, माझ्या लग्नातसुद्धा. "हिणां माझी परीक्षा घेतल्यान गो! मी मरतंय, आणि ही म्हणता, आधी प्रार्थना म्हण!" मग "लीना, पाय हलवू नकोस" आईच्या आवाजात. माणसं हसून हसून लोळायची. आईपण हसायची, पदर तोंडाला लावून. म्हणायची, "प्रार्थना काय, सैतान पाठ करेल. पण माझं ओरडणं त्याला कुठून येणार?"

मी कधी हसले नाही. लोकांना वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

मला त्या किश्श्यातली एक जागा टोचत राहिली. मुंबईत रस्ते तुंबले, दिवे गेले, टाळेबंदीत चौकाचौकांत दोऱ्या बांधल्या गेल्या, तेव्हा तेव्हा ती जागा ठणकली. टाळेबंदीत मी बेगमी अशी केली की आईलाही लाजवलं असतं. तांदूळ, डाळी, औषधं, मास्क, सगळं. आणि बेल वाजली की माझे पाय जमिनीला चिकटायचे. आम्ही आतून विचारायचो, कोण? जो असेल त्याला म्हणायचो, बाहेर ठेवा. दारावरच्या भिंगातून बघायचो माणूस खोकतोय का ते. त्या वेळी मला कोणी झेरॉक्सचे कागद दिले नव्हते.

तयारी करणं वाईट असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरात तांदूळ असतो तोच दुसऱ्याला भात वाढतो. पण मला कळत नाही, की माझी श्रद्धा कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते. दोघी एकाच कपाटात हात घालतात. दोघींना मेणबत्ती लागते.

गेल्या आठवड्यात मरोळला गेले. आई आता सत्तरीच्या पुढे आहे, पप्पा गेले, मागची खोली रिकामीच आहे. दुपारी आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. तिला पण तो मेसेज आला होता.

"वाचलास?" मी विचारलं.

"वाचला. चष्म्याशिवाय दिसत नव्हता, बरं झालं."

मी म्हटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही. "आई, त्या दिवशी काकूंना ती प्रार्थना आली नसती तर?"

मला वाटलं ती हसेल, किस्सा पुढे नेईल. तिने गुडघ्यावरचा हात उचलून परत ठेवला.

"तिनेपण विचारलं होतं," आई म्हणाली. "दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी."

"मग?"

"म्हटलं, वेडी आहेस का? उघडलंच असतं मी."

"खरं?"

अंगणात ऊन होतं. आईने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. मला वाटलं, उत्तर नको देऊस, राहू दे, मला नको आहे.

"तू माझ्याजवळ होतीस," ती म्हणाली. "तुझं तोंड माझ्या हातात होतं. नसतं उघडलं, लीना."

ती रडली नाही. मीही नाही. माझं काळीज मात्र अकरा वर्षांच्या मुलीचं झालं होतं. आईने माझ्याकडे बघितलं, तिला ते कळलं असावं, कारण आवाज एकदम खाली आणून तिने विचारलं, "तुझ्या शेजारी कोण राहतं गं?"

"समोरच्या फ्लॅटमध्ये? एक बाई आहेत. एकट्याच असतात. चार वर्षं झाली."

"नाव काय?"

मी आठवून बघितलं. मला नाव माहीत नव्हतं.